उस्तादांनी मला मिटलं तेव्हा

मी एक अरबी शब्दकोश बोलतोय. वजन साडेतीन किलो, अहंकार त्याहून थोडा जास्त. कुराणातल्या शब्दाचा अर्थ अडला की लोक माझ्याच दारी येतात, मग डोक्यात हवा जाणारच की!

माझी छपाई लखनौची, बांधणी बनारसची. माझ्याकडे शब्द सुटे राहत नाहीत. ज्या मूळ अक्षरांतून ते निघाले त्यांची घराणी करून राहतात, लेकरं आणि दूरचे चुलते एकाच छताखाली. मदनपुऱ्याच्या उस्ताद वसीउल्लांनी मला तरुणपणी घेतलं आणि चाळीस वर्षं असं वापरलं की पानांचे कोपरे गोल झाले. खालच्या मजल्यावर माग खटखटायचे, वर आमची शिकवणी चालायची.

तिथे कस्तुरी आली. मुन्शी घाटाजवळच्या मराठी घरातली, विद्यापीठात अरबी शिकणारी. तिचे आजोबा बिंदुमाधव वेदपाठी. त्यांनीच तिला सांगितलं होतं, "इतकी मेहनत करतेयस, तर त्या कुराणात काय म्हटलंय ते मला आपल्या मराठीत वाचून दाखव." तेवढ्यासाठी पोर रोज जिने चढायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं अल्लाला 'उत्तम वकील' करून टाकलं! वकील हा शब्द घरातला, म्हणून बाईंनी मला उघडलंच नव्हतं. उस्ताद हसून हसून खोकले. "बेटी, जो लफ़्ज़ अपना लगे, पहले उसी का पता पूछना." पत्ता मी दिला: ज्याच्या हाती सगळं सोपवून निर्धास्त व्हावं, तो. त्यानंतर ती ऊठसूट मला विचारू लागली आणि मी आणखीच फुगलो.

यंदा उस्तादांची नजर अधू झाली, आणि त्यांनी मला दुसऱ्या हाती द्यायचं ठरवलं. एका ग्रंथालयाला मी काचेच्या कपाटासाठी हवा होतो, कस्तुरीला कामासाठी. उस्ताद तिला म्हणाले, "एक लफ़्ज़ पूछूँगा. जवाब जँच गया तो किताब तेरी." काचेमागे बोट लागत नाही हो कुणाचं!

परीक्षेच्या दिवशी मी उघडायला अगदी सज्ज होतो. आणि उस्तादांनी मला चक्क मिटून बाजूला ठेवलं. "बता, 'अब्ब' क्या है?"

जमिनीतून काय काय उगवतं, धान्य, द्राक्षं, खजूर, ते सांगणाऱ्या ओळींत शेवटी येतं: फळं आणि 'अब्ब'. कस्तुरीनं आधी आठवून पाहिलं, हा शब्द ग्रंथात दुसरीकडे कुठे आलाय का. नाही, एवढ्या एकाच जागी. मग तिनं पुढची ओळ मोठ्यानं म्हटली: हे सारं तुमच्यासाठी आणि तुमच्या गुरांसाठी. तिचा चेहरा उजळला.

"फल हमारे, तो अब्ब जानवरों का. चारा होगा, उस्तादजी."

"होगा, कि है?"

'आहे' म्हण गं बाई! माझ्या पोटात छापलंय तसं!

"होगा," ती म्हणाली. "इसका पक्का मतलब कहने से तो पैगंबर साहब के साथी भी रुक गए थे. मैं 'है' कैसे कह दूँ?"

उस्तादांनी दोन्ही हातांनी मला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "जो इतना ठहर सके, किताब उसी के हाथ में अच्छी लगती है." ते रडत होते आणि हसतही होते. मी तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो.

तेव्हा मला कळलं, मी अर्थ पुष्कळ देतो, पण या जागी कोणता बसतो ते मी एकट्यानं सांगू शकत नाही. ते शेजारची ओळ सांगते आणि आधी चालून गेलेली माणसं सांगतात. एवढं कळल्यावर फार हलकं वाटलं.

आता मी आजोबांच्या पोथ्यांशेजारी राहतो. कस्तुरीनं वाचून दाखवलं, "फळं, आणि चारा असावा." आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! गुरांचीसुद्धा आठवण ठेवलीय!"

मंडळी, मला खुशाल उघडा. पण कधी मिटूनही ठेवा. मी रागावणार नाही. येतो आता. आजोबा पाटावर बसलेत, कस्तुरीनं कुराणाचं पान उघडलंय, आणि आजचा शब्द मलाही नीट ठाऊक नाही.