सालोमे, बाजूला हो

यामिलेने पिठात अंगठा खुपसला आणि तो अडला. चीजचा खडा, चांगला वाटाण्याएवढा. तिने दुसरीकडे दाबून पाहिलं. तिथेही खडा.

"हात काढ," सासूबाई मागून म्हणाल्या. "मळलेल्या पिठात कुणी बोटं घालतं का? आईने हेच शिकवलं वाटतं?"

सासूबाई म्हणजे डोन्या आर्सेलिया, आणि त्यांच्यासारखे बुन्युएलो, चीजच्या पिठाचे तळलेले गोळे, अख्ख्या डोंगरउतारावर कुणाचे नाहीत, असं सगळे म्हणायचे, आणि खरंच नव्हते, एके काळी. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी रोज एकेका घरी प्रार्थना होते, आज यांच्याकडे होती. बाहेरच्या खोलीत गव्हाणीच्या देखाव्यासमोर शेजारीपाजारी कोंबून बसलेले, पोरांनी खुळखुळे वाजवून डोकं उठवलेलं, आणि प्रार्थना चालू असली तरी सगळ्यांची नाकं मात्र स्वयंपाकघराकडे.

"डोन्या, यंदा चीज दळलं नाही का?"

"दळलं की! न दळता आकाशातून पडलं?"

यामिलेने टेबलाकडे पाहिलं. चीज दळायचं हातयंत्र टेबलाच्या कडेला आवळलेलं होतं आणि त्याच्या तोंडात मागच्या आठवड्यातला मका वाळून दगड झाला होता. सासूबाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता, हे घरात सगळ्यांना दिसत होतं, पण यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती आणि खांद्याबद्दल बोलायची तर त्याहून नव्हती.

यामिलेचा हात आपोआप मानेवर गेला. कानाखालपासून खांद्यापर्यंत कातडी चुरगळलेली, गेल्या डिसेंबरची. असाच दिवस, हीच कढई, तिने झारा घातला आणि एक बुन्युएलो फटाक्यासारखा फुटला, आणि उकळतं तेल सगळं हिच्या अंगावर. का फुटला? तर त्या दिवशी दुपारी तिचं दुबानशी, म्हणजे नवऱ्याशी, भांडण झालं होतं, आणि कढईपाशी रागावलेली बाई उभी राहिली की बुन्युएलो फुटतात हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे! झालं. वर्षभर हेच. दवाखान्यात पट्टी बदलणारी बाई म्हणाली होती, "अगं, राग कसला? चीजचा खडा राहिला असेल, तेल जास्त तापलं असेल. वरून कडक होतं, आत वाफ कोंडते, मग फुटणार नाही तर काय!" हे तिने घरी येऊन सांगितलं तर दुबान हसत सुटला होता. "दवाखान्यात आता स्वयंपाकपण शिकवतात का गं?"

आणि गंमत म्हणजे तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, असेल बाबा, आपलाच राग असेल. म्हणून आज सकाळपासून ती कुणावर म्हणून चिडली नव्हती. दुबान उशिरा उठला, हसली. त्याने धुतलेल्या फरशीवर चिखलाचे बूट आणले, तरी हसली. गाल दुखायला लागले हसून हसून.

सासूबाई डाव्या हाताने गोळे वळत होत्या. कढईतून धूर यायला लागला तशी यामिलेने गॅस बारीक केला. सासूबाईंनी परत मोठा केला.

"लोक ताटकळलेत, पोरी."

"आधी एक बारकी गोळी टाकून बघू या? तेलाचा अंदाज येईल."

"मला अंदाज शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून तळतेय मी." त्यांनी झारा तिच्यापुढे धरला. "घे, तू सोड. मी जरा पाहुण्यांकडे बघते."

एवढ्यात यामिलेची लेक सालोमे धावत आली, हातात खुळखुळा, आणि स्टूल ओढून थेट कढईपाशी चढली.

"आजी, मी सोडू? तू म्हणाली होतीस, सात वर्षांची झालीस की सोडू देईन!"

सासूबाईंचा हात झटकन पुढे आला. तोच, उजवा, न उचलला जाणारा. त्यांनी पोरीच्या फ्रॉकला धरून तिला स्टुलावरून खाली ओढलं, पार दारापर्यंत.

"सालोमे, बाजूला हो! तिथे नाही उभं राहायचं. आई तळेल."

सालोमे रडवेली झाली. "गेल्या वर्षीपण तू मला असंच ओढून बाहेर नेलंस."

बाहेर खुळखुळे वाजत होते. यामिलेने झाऱ्याकडे पाहिलं, मग गोळ्यांच्या ताटाकडे, मग सासूबाईंकडे. सासूबाई पोरीच्या फ्रॉकची सुरकुती नीट करत होत्या. खूप वेळ करत होत्या.

"डोन्या," यामिले हळूच म्हणाली आणि झारा त्यांच्यापुढे धरला, "आज तुम्हीच सोडा ना. लोक तुमच्या हातचं खायला आलेत."

सासूबाईंनी कढईकडे पाहिलं. झारा घेतला नाही. तेलातून धूर येत होता. मग त्या पुढे आल्या, कढईपासून हातभर लांब राहून, अंग मागे ठेवून त्यांनी बटण फिरवलं आणि गॅस बंद केला. पदर नव्हता म्हणून, नाहीतर पदरालाच हात पुसले असते. त्यांनी ते फडक्याला पुसले आणि बाहेर गेल्या.

"आज बुन्युएलो नाहीत हो," त्यांचा आवाज आला, खणखणीत. "सूनबाई सकाळपासून फुगून बसल्यात. म्हटलं, अशा हातचं नकोच."

"बरं केलंस, आई!" हा दुबान. "अर्धी बायको तरी शाबूत राहू दे माझी!"

सगळी खोली हसली.

यामिलेने कढईचा दांडा भिंतीकडे वळवला आणि वर झाकण ठेवलं. सालोमे दारातच उभी होती, खुळखुळा खाली धरून.

"आई, तू फुगलीयेस?"

"इकडे ये."

तिने पोरीचा अंगठा धरला आणि ताटातल्या एका गोळ्यात दाबला.

"काय लागतंय?"

"खडा."

"आणि ह्यात?"

"ह्यातपण." सालोमेने तिसरा गोळा स्वतःच दाबला, मग चौथा. मग बाहेरच्या हसण्याकडे मान वळवून तिने विचारलं, "पीठ तर आजीने मळलं ना? जाऊन सांगू?"

यामिलेने नळ सोडला.

"आधी हात धू," ती म्हणाली.