बारकीचे दंड

लाकूड खडबडीत राहिलं की पॉलिश मिस्त्रीला चैन पडायची नाही. गिऱ्हाईक घाईला आलेलं असायचं, सांगायचं की मिस्त्री, कपाटाची मागची बाजू राहू द्या, ती भिंतीलाच लागणार आहे. तर हा म्हणायचा, "मग भिंतीला तरी गुळगुळीत लागू दे." आणि पुन्हा घासायचा कागद घेऊन बसायचा. त्याच्या धंद्याचं सगळं शास्त्र एका शब्दात मावत होतं, घास. खडबडीत आहे? घास. डाग आहे? घास. जुनं पॉलिश निघत नाही? आणखी घास. त्यावर त्याचं आयुष्य बरं चाललं होतं, तेव्हा त्याला दोष तरी कशाला द्यायचा?

त्याला एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी म्हणायला लागले, आणि आता ती बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची तरी नाव काही बदललं नाही. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात ती जाळीशी उभी राहिली की समोरच्यांचं काही खरं नसायचं. तीच बारकी एके दिवशी दप्तर टाकून म्हणाली की गुडघा दुखतो, मी संघ सोडतेय. आंतरशालेय सामन्यांचा सराव नुकता सुरू झालेला. खेळाच्या बाईंचा फोन आला, मैत्रिणी दारात येऊन गेल्या, पण बारकीबाई ढिम्म हलेनात.

बारकीची आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ओळखण्यात तिचा दिवस जायचा. गुडघा दुखणारी मुलगी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढते, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तिने दप्तर उपसलं. तळाशी संघाची नवी जर्सी, अजून प्लास्टिकमध्येच. बिनबाह्यांची. तिने ती मुलीपुढे नुसती धरली आणि बारकीचा बांध फुटला.

गोष्ट गुडघ्याची नव्हतीच, दंडांची होती. खांद्यापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या बाजूने, मोहरीहून बारीक अशा लालसर पुळ्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या, पिकतही नव्हत्या. नुसत्या होत्या. आजवर कोपरापर्यंतच्या बाह्यांखाली त्या झाकून जायच्या. पण जर्सी वाटताना मापासाठी बाही वर केली तेव्हा एका मैत्रिणीने दंडावर बोट फिरवलं आणि हसत म्हणाली, अगं ही तर पिसं काढलेली कोंबडी. सगळ्या हसल्या, बारकीही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर गेली नाही.

मिस्त्रीला हे संध्याकाळी कळलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं होतं कुठलं दुखणं निघतंय कोण जाणे. एवढंच ना, म्हणाला. खडबडीत गोष्टींशी तर त्याचा रोजचा संसार होता. दुसऱ्या दिवशी तो पाय घासायची वजरी, खरखरीत पंचा आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला आणि कारागिराच्या थाटात त्याने कामाची रीत सांगितली. कढत पाण्याने कातडी नरम करायची, मग वजरीने घासायची, पुसायची, तेल द्यायचं. सकाळ-संध्याकाळ. आई म्हणाली, अहो, पोरगी आहे ती, दरवाजा नाही. पण बारकीच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी चमक आली होती, त्यामुळे आई पुढे काही बोलली नाही.

पहिल्यांदा दंड खरंच मऊ लागले. बापलेक खूश. मग ते लाल झाले. मग आणखी खरखरीत झाले. आता मिस्त्रीच्या घरात वाढलेल्या मुलीने यातून काय अर्थ काढावा? घासणं कमी पडलं. ती शाळेतून येताना बापाच्या कारखान्यात गेली, म्हणाली शाळेच्या प्रकल्पाला हवाय, आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आली. सगळ्यात बारीक नंबराचा, ज्याने मिस्त्री शेवटचा हात द्यायच्या आधी लाकूड साफ करायचा. बापाला वाटलं, पोरीला आपल्या कामाची आवड लागली. त्याने कौतुकाने दोन तुकडे जास्तीचे दिले.

तिच्या शाळेच्या सदऱ्याला आतून रक्ताचे ठिपके लागलेले आईला दिसले. बारकी दंड दाखवायला तयार होईना. शेवटी दाखवले. दोन्ही दंड सोलवटले होते, मध्येमध्ये खपल्या धरल्या होत्या आणि पाणी सुटत होतं. बाथरूमच्या फळीवर वजरीमागे तो कागद होता. मिस्त्रीने तो ओळखला, उलटून पाहिला. आपल्या हाताने दिलेला कागद आपल्याच लेकराच्या कातडीवर चालला, या विचाराने त्याला भडभडून आलं. तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई मोठ्या तोंडाळ होत्या. त्यांनी दंड पाहिले आणि विचारलं, हे कोणी केलं? बारकी म्हणाली मी. मिस्त्री म्हणाला, "घासायला मी सांगितलं." मग डॉक्टरीणबाईंनी त्याला जे फैलावर घेतलं ते सगळं काही इथे सांगण्यासारखं नाही. मतलब इतकाच की ही घाण नाही आणि रोगही नाही. कातडीतलंच एक द्रव्य केसाच्या मुळाशी साठतं, त्याचा बारीक खडा होतो आणि तोंड बुजतं. असंख्य लोकांना असतं. नाव म्हणाल तर केरॅटोसिस पिलॅरिस. हे नाव मिस्त्रीला पुढे कधीच धड उच्चारता आलं नाही. घासलं की कातडी चिडते, लाल होते, डाग धरते, आणि खडे काही जात नाहीत. आधी जखमा पूर्ण भरू द्यायच्या, तोवर साधं मलम. मग घरच्या घरी करायचं ते अगदी थोडं. कोमट पाण्याने, पटकन आंघोळ. सौम्य साबण. पंचा टिपायचा, ओढायचा नाही. आणि अंग ओलसर असतानाच युरियाचं क्रीम लावायचं, रोज, न कंटाळता. चुरचुरलं तर थांबायचं आणि मला सांगायचं. फरक पडायला काही आठवडे लागतील. समूळ जाईल असं नाही. वय वाढतं तसं बऱ्याच जणांचं कमी होतं. सोडून दिलंत की परत येईल.

लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे? हे बहुतेक वारशाने येतं."

आई म्हणाली, माझ्या माहेरी तर कोणाला नाही. मिस्त्री भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसला. मग हळूच त्याने मनगटाचं बटण सोडलं आणि सदऱ्याची बाही वर, अगदी खांद्यापर्यंत, सरकवली. तसेच दंड. तसेच ठिपके, थोडे फिकट. बारकीने बापाला जन्मात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात पाहिलं नव्हतं. विचारलं की तो म्हणायचा, लाकडाचा भुसा अंगाला चिकटतो. बायकोलाही त्याने तेच सांगितलं होतं आणि तिने ते कधी उकरून काढलं नव्हतं. लेकीच्या दंडावर ते पहिल्यांदा दिसलं तेव्हाच त्याने ओळखलं होतं. ओळखून गप्प बसला होता. आता खुर्चीत बसून त्याला त्याची मनापासून लाज वाटत होती.

तिघं चालत घरी आली. फाटकाशी बारकी म्हणाली, "म्हणजे मीही आता जन्मभर फुल बाह्याच घालायच्या का?"

मिस्त्रीने फाटकाची कडी काढून दोघींना आत घेतलं. त्या रात्री तो जेवला, पण काय जेवला ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जखमा भरल्या. मग क्रीम सुरू झालं, आणि बारकीने अट घातली की बाबांनीही लावायचं. आंघोळ झाली की दोघं ओळीने बाथरूमच्या दाराशी उभे. आई जाता-येता म्हणायची, दोन कपाटं पॉलिशला काढली आहेत, गिऱ्हाईकाने कधी न्यायला यायचं? मिस्त्रीला सगळ्यात जड गेलं ते वाट बघणं. पहिला हात दिला की लाकडावर चमक दिसते, इथे काहीच दिसेना. त्याचे हात नुसते शिवशिवायचे. एकदा बारकीने त्याला वजरीकडे बघताना पकडलं आणि वजरी थेट कचऱ्यात गेली. मध्ये परीक्षेच्या गडबडीत दोघांनी आळस केला तर दंड पुन्हा खरखरले, पुन्हा नव्याने सुरुवात. पण हळूहळू लाली उतरली. वरचे टोचरे खडे मऊ पडले. कागदाने पडलेले डागही पुसट होत चालले.

बारकी सरावाला परत जायला लागली होती, जुन्या टी-शर्टात. कोंबडी म्हणणारी मैत्रीण घरी येऊन रडून गेली होती. सामन्यात मात्र जर्सीच घालावी लागणार होती. खेळाच्या बाई चांगल्या, त्यांनी सांगितलं की आतून पातळ, पूर्ण बाह्यांचा गंजी घातला तरी चालेल, मी परवानगी काढली आहे. आईने तो आणून ठेवला. सामन्याच्या सकाळी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही टांगलेले होते, जर्सी आणि गंजी.

बारकी जर्सी घालून आरशासमोर उभी राहिली. आईला विचारलं, दिसतं का गं? आई म्हणाली, छे, काही नाही दिसत, अगदी छान झालेत. शेजारच्या काकू डोकावल्या होत्या, त्याही म्हणाल्या, इश्श, कुठे काय आहे. बारकीने दोघींकडे पाहिलं आणि हात गंजीकडे गेला. मग थांबली आणि बापाकडे वळली.

"बाबा, तुम्ही बघा. गिऱ्हाईकाला सांगता तसं सांगा."

मिस्त्री पुढे आला. खांद्यावरून कोपरापर्यंत त्याने तळवा फिरवला, मग कोपरावरून वर, मग दुसरा दंड. डोळे मिटून. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यालाच माहीत. एका खोट्या शब्दाने लेक हसली असती. पण मैदानावर भर उन्हात तिला खरं दिसलंच असतं, आणि मग तिने पुन्हा कोणावर विश्वास ठेवला असता?

"मागच्या बाजूला अजून खरखरीत आहे," तो म्हणाला. "आधीच्या निम्मं असेल. पण आहे. उजेडात उभी राहिलीस तर दिसेल."

आईने असे डोळे वटारले की दुसरा कोणी असता तर पळालाच असता.

"जाईल का सगळं?"

"माहीत नाही. माझं अजून गेलेलं नाही."

"मग काय करू?"

"ते तुझं तू ठरव. मी जन्मभर झाकलं, बारके. त्यातून मला काही मिळालं नाही. उकाडा तेवढा मिळाला."

काकूंना हसू आवरलं नाही. बारकीही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. तिने गंजी घडी करून आईच्या हातात दिला, बूट उचलले आणि म्हणाली, चला, उशीर होतोय. जिन्यात मागे वळून बापाला म्हणाली, "तुम्हीही खोटं बोलला असतात ना, तर मी तो घातला असता."

मैदानावर माणसांची ही गर्दी. मिस्त्री तिचं जॅकेट छातीशी धरून पहिल्या रांगेत उभा राहिला. पहिला डाव त्याने पाहिलाच नाही, तो बघणाऱ्यांची तोंडं बघत होता. कोण तिच्या दंडांकडे बघतंय, कोण कुजबुजतंय, कोणी हसलं तर काय करायचं. कोणी हसलं नाही. एक मुलगी जरा टक लावून बघत होती, तीही बारकीने जाळीवरून चेंडू असा आदळला की टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या डावापासून मिस्त्रीही खेळ बघायला लागला आणि त्याचा घसा बसला.

हरले. शेवटच्या डावात, अगदी थोडक्यात, आणि शेवटची सर्व्हिस बारकीचीच होती. जाळीत गेली. ती घामाने निथळत, पाय आपटत बाहेर आली. मिस्त्रीने घाईघाईने जॅकेट उघडून तिच्या खांद्यांवर टाकायला पुढे केलं.

"ते धरा तुम्हीच," ती म्हणाली, आणि सर्व्हिसच्या विषयावर घसरली. चेंडू कमी उंच टाकला, घाई केली, बाईंनी किती वेळा सांगितलं होतं, समोरची तर सरळसरळ तयार नव्हती. उद्यापासून मला पहाटे उठवा, मी सर्व्हिस घोटून घेणार आहे, पुढच्या सामन्यात बघतेच एकेकीला. मिस्त्री मान डोलवत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने सुचवलं की हात जरा आणखी मागे न्यायला हवा होता का?

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं? इकडे बघा." आणि निघालेल्या त्या सगळ्या गर्दीच्या मधोमध, भर उन्हात, तिने उघडा दंड सरळ डोक्यावर उंच नेला आणि त्याला सर्व्हिस कशी करायची ते दाखवायला लागली.