सुजेचा आकडा

रुखमाने नानाजीच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि शीर चांगली दिसत असताना सुई मुद्दाम तिच्या बाजूला खुपसली.

"नाई सापडली," ती म्हणाली. "हात लय सुजला तुमचा."

"होऊ दे बाई, आरामानं कर." तीन उशांना टेकल्याशिवाय नानाजीला श्वास पुरत नव्हता.

चंद्रपूरच्या या दवाखान्यात हृदय पार थकलेल्या रुग्णांचं रक्त दर सोमवारी तपासलं जाई. डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी रुखमाला समजावलं होतं, की हृदय हरत आलं की अंगात आतून सूज धुमसते आणि रक्तातला सीआरपी चढतो. पाचाच्या आत हवा तो आकडा. नानाजीचा आधी बारा होता, मग एकोणीस, मग एकतीस. बाकीच्यांचे रिपोर्ट रुखमा नोंदवून मोकळी होई. त्याचा मात्र दोनदा वाचे. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटे.

जंगलात नाकेदार, म्हणजे वनरक्षक, असताना याच माणसाने तिच्या बापाला, झिंगूला, घराच्या कुडासाठी आणलेल्या बांबूवरून गावासमोर काठीने झोडलं होतं. रुखमा तेव्हा रांगत होती. त्या दिवसापासून बापाचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही, आणि मागच्या साली बाप गेला तोही तसाच. किती काठ्या, ते त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की बिडी पेटवायचा. करावे तसे भरावे म्हणतात. पण भरताना बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

तिने दुसऱ्यांदा टोचलं. तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी नानाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने हात मागे घेतला नाही.

"चार झाल्या," तो म्हणाला.

"काय?"

"तुह्या बिल्ल्यावर बापाचं नाव हाय. पहिल्याच दिवशी वाचलं मी." दम लागून तो थांबला. "झिंगूले सात मारल्या होत्या. मोजून. घे, आता या हाताले कर."

त्याने डावा हात पुढे केला.

रुखमाच्या अंगाचा तिळपापड झाला. यानेच हात पुढे करून द्यायचा, आणि आपण घ्यायचा, हा कसला सूड? आता एकदाच टोचायचं, रक्त काढायचं आणि निघायचं. तिने पट्टा आवळला. शीर समोर होती, निळी, ठसठशीत. तिने अगदी मन लावून सुई टेकवली. पण या वेळी सुई खरोखरच चुकली.

"पाच," नानाजी म्हणाला.