खुर्ची करकरली की

डॉक्टरांनी फर्मावताच तिने चपला काढून पाय स्टुलावर ठेवले, डोळे मिटले आणि सगळा जीव कानांत गोळा केला. टाचणी टोचली की 'हो' म्हणायचे, एवढीच परीक्षा. नापास होणारीला कारखान्यात जागा नव्हती, आणि तिच्या बोटांना तर हाताच्या काय, पायाच्या काय, कशाचीच खबर लागेनाशी झाली होती.

तोड काढली नणंदेने. तीही कारखान्यात हिच्याच शेडमधली, आणि आधीच पास झालेली. डॉक्टर टोचायला वाकले की खुर्ची करकरते. करकर ऐकायची आणि हो म्हणायचे.

"जन्मभर माझ्या भावाला हो म्हणत आलीस वहिनी, डॉक्टरला म्हणायला काय जड जातंय?" ती येताना म्हणाली होती.

खुर्ची करकरली.

"हो."

डॉक्टर एकीकडे बधिरतेची मीमांसा करीत होते. साखर असेल, जीवनसत्त्वांची वानवा असेल, मानेत नस दबली असेल, पाय दुमडून बसण्याची खोडही नडते. त्यांची विद्वत्ता तिच्या मानेपासून स्वयंपाकघरापर्यंत मुक्त संचार करून आली. ज्या बंद शेडमध्ये बायका दिवसभर उग्र वासाच्या सोल्युशनच्या उघड्या डब्यावर वाकून बुटांना तळ चिकटवीत, तेवढ्या एका ठिकाणी डोकावायला त्या विद्वत्तेला सवड झाली नाही.

करकर.

"हो."

पुन्हा करकर. घाम तिच्या भुवईपर्यंत उतरला.

"हो."

"छान. काही झालेलं नाही तुम्हाला."

तिने डोळे उघडले. डॉक्टर पाठ टेकून, खुर्ची झुलवीत मोबाइल पाहत होते. टाचण्यांचे पाकीट टेबलावर होते, न फोडलेले.

शिक्का मारलेला कागद घेऊन ती बाहेर आली. नणंदेने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग खाली.

"वहिनी, एक चप्पल कुठंय?"

डावा पाय फरशीवर उघडाच होता. त्याने तसे कळवले नव्हते.

पाठीमागे तपासणीच्या खोलीचे दार किलकिले झाले. डॉक्टरांच्या हाताने चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार लोटून घेतले.

"घाल नि चल गुपचूप," नणंद कुजबुजली. "घरी गेल्यावर माझ्यासारखं कर."

तेव्हा कुठे तिने नणंदेच्या पायांकडे पाहिले. दोन्ही चपला बुटांच्या नाड्यांनी घोट्यांना करकचून बांधलेल्या होत्या. नाडीखाली कातडी सोलवटून लाल झाली होती, आणि नणंद हसत होती.

ती चप्पल न उचलताच वळली आणि दार ढकलून आत गेली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पाकीट फोडा."