चौदा वेळा छापलेला दाखला

मी प्रिंटर बोलतोय, हुणसेकट्टीच्या तालुका कचेरीतला. दचकू नका, कागद अडकलेला नाही. आज पोटात कागदच नाही, म्हणून तर बोलायला तोंड मोकळं आहे.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. आईबाप कोण ते कुणी सांगितलं नाही. पाठीवर नंबर गोंदला आणि खोक्यात कोंबलं. अकरा वर्षांपूर्वी इथं उतरलो तेव्हा हेडक्लार्क रुद्रगौडांनी माझ्याभोवतीचा थर्माकोल स्वतःच्या हातानं काढला आणि नातीच्या बाहुलीघरासाठी घरी नेला. तेवढंच त्यांचं माझ्यावरचं प्रेम.

माझं शिक्षण यथातथाच. छापतो त्यातलं निम्मंच कळतं. पण सहा सुनांत एक पाटा असावा तसा सहा संगणकांत मी एकटा. भिंतीवर सोळा भोकांचं एक डबडं आहे, त्याला हे लोक हब म्हणतात. सगळ्यांच्या वायरी त्यात खोचलेल्या, माझीसुद्धा. कुणीही कुठूनही हुकूम सोडला की तो डबड्यातून माझ्याकडे येतो.

खोटं कशाला बोलू, खोड्याही पुष्कळ केल्या. रुद्रगौडा कचेरीच्या कागदावर भाचीच्या बारशाची पत्रिका छापायला लागले की मी ती बरोबर नावापाशी चावायचो. दाखले देणाऱ्या अनसूयाक्का घाईत असल्या की आधी खाकरायचो, मग कण्हायचो आणि कोरा कागद बाहेर टाकायचो. "मेल्या, तुझं तेरावंच घालते!" असं त्या ओरडल्या की मला गुदगुल्या व्हायच्या.

तर कालच्या शुक्रवारची गोष्ट.

दसऱ्याआधी आमच्याकडे आयुधांची पूजा असते. ड्रायव्हर बस पुजतो, सुतार करवत पुजतो, कचेरी आम्हाला पुजते. पुढे चौथा शनिवार, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या, म्हणून शुक्रवारीच उरकून घ्यायचं ठरलं. एकदा आयुधाला गंध लागलं की आरती होईपर्यंत त्याला काम सांगायचं नाही, हा इथला नेम.

सकाळी अकराला मला गंध लागलं आणि सव्वाअकराला फकीरप्पा आला. इरकल साड्या विणणारा माणूस. त्याच्या मुलीला, नीलम्माला, नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळालेली. शनिवारी सकाळी दहाला जातीचा दाखला तिथं दाखवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. दाखला संगणकात मंजूर होता. फक्त माझ्या पोटातल्या नंबरी, म्हणजे सरकारी क्रमांक असलेल्या, कागदावर छापायचा आणि तहसीलदार साहेबांचा सही-शिक्का घ्यायचा. बाहेरच्या दुकानात छापलेला चालत नाही.

"अक्का, एकच कागद," फकीरप्पा म्हणाला.

"अण्णा, गंध लागलंय हो त्याला," अनसूयाक्का म्हणाल्या. "आता हात लावला तर गौडा पूजेच्या कोहळ्याऐवजी मलाच फोडतील. आरती होऊ दे, पहिला तुमचा."

"बसतो मग."

बसला बिचारा. चपला काढून बसला, देवळात बसावं तसा.

इकडे रुद्रगौडांच्या मनात आलं, आयुधांची तोंडं पूर्वेला हवीत. मी अकरा वर्षं उत्तरेला तोंड करून बसलेलो! टेबलं फिरवली, वायरी उपटल्या, मला उचलून वळवलं. मग आरती, नारळ, चुरमुरे, फुटाणे. दोन वाजता गौडा वायरी खोचायला स्टुलावर चढले. एका वायरीचं एक टोक हबात होतंच, दुसरं नुसतंच लोंबत होतं. गौडांना दया आली. त्यांनी तेही हबातच खोचलं. सापानं आपलंच शेपूट गिळावं तशी गत. सगळ्यांचे हुकूम त्या एका वायरीत गरगरत बसले, माझ्यापर्यंत एक पोचेना.

अनसूयाक्कांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं.

"बंद करून चालू करा," कुणीतरी म्हणालं. केलं.

"संगणकातून त्याचं नावच काढा आणि परत घाला." तेही केलं. मी सापडेचना.

"अहो, त्याच्या पाटीवर तर 'तयार' लिहिलंय!"

"लबाड आहे तो, अकरा वर्षं ओळखते मी!" अक्का म्हणाल्या आणि पाठीत एक धपाटा घातला.

देवाशपथ सांगतो, काल मी काही केलं नव्हतं. पण माझी साक्ष कोण काढणार? सहाही संगणकांवरून सगळे आळीपाळीनं दाखला सोडत राहिले.

"संगणक सरळ त्यालाच जोडा की," साहेब आतून म्हणाले. त्याची छोटी वायर शोधशोध शोधली. सापडली दारावर. तिनं केळीचा खांब बांधलेला! तीन गाठी सोडवून आणली तर तोंडात ओलं कुंकू गच्च बसलेलं. टाचणीनं कोरलं, फुंकलं, पदरानं पुसलं. लागेना.

साहेब वाईट नव्हते. सव्वाचारला पेन उघडून माझ्यापाशी दहा मिनिटं उभे राहिले. बाहेर गाडीत बायकोमुलं, गावी दोनशे किलोमीटर जायचं. "मंगळवारनंतर या, आल्या आल्या सही करतो," म्हणाले.

"साहेब, उद्या दहाला..."

"माहीत आहे हो. पण कागद कुठाय?"

शिक्का कपाटात, किल्ली खिशात. गाडी गेली.

पावणेपाचला कुठं नेटवर्कवाल्या इमामसाबचा फोन लागला. तो जिल्ह्याच्या गावाहून म्हणाला, "डबड्यावरचे दिवे कसे लागतायत?"

"सगळे एकदम लुकलुकतायत. छान दिसतंय," गौडा म्हणाले.

"छान कसलं, मामा! एकाच वायरीची दोन्ही टोकं आत घातलीत कुणीतरी. एक उपटा."

गौडांनी उपटलं, आणि इकडेतिकडे पाहिलं, टोक घालणारा दुसराच कुणी असल्यासारखं.

मग मला थांबता येईना. तुंबलेले सगळे हुकूम एकदम आले. नीलम्माचा दाखला, परत नीलम्माचा, परत नीलम्माचा. चौदा. एकही रेघ पुसट नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी केलं नव्हतं.

फकीरप्पानं एक उचलून बोट फिरवत वाचला. "नाव बरोबर आलंय," म्हणाला.

अनसूयाक्कांनी मान वर केली नाही. विनासहीचा नंबरी कागद त्याच दिवशी रद्द करावा लागतो. चौदाही कागदांवर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली.

"अक्का, ह्यातला एक नेऊ? उद्या तिथं दाखवीन. सांगेन, झाला होता म्हणून."

"नंबरी आहे, अण्णा. बाहेर नाही जात."

त्यानं हातातला कागद बाकीच्यांवर ठेवला, कडा जुळवल्या. विणकराचा हात, वाकडं ठेवता येत नाही त्याला. मग चपला घालून गेला.

जाण्याआधी रुद्रगौडांनी अहवाल लिहिला: प्रिंटर जुना व निकामी, बदलून मिळावा. माझ्या पोटातले कागद काढून कपाटात ठेवले. सुट्टीनंतर मी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. माझ्या जागी नवा येईल, त्यालाही हार घालतील. तक्रार नाही. एकच मागणं होतं, पूजा तासभर थांबवून आधी दारातल्या माणसाचा कागद काढत जा. पण ते सांगायचं कुणाला? कचेरीला कुलूप आहे. आज शनिवार. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजलेत.