वहीत न आलेले आबा

धुळ्यातल्या देवपूरच्या हेमांगीला माणसाचं मन वाचता येतं असं तिच्या गल्लीला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडंफार तिलाही वाटायचं. मनोविश्लेषण शिकायला लागून तिला चार वर्षं झाली होती. दर रविवारी ती एसटीने जळगावला जायची. तिथे नेमीचंदनानांच्या घरी पाच जणांचं अभ्यासमंडळ भरायचं. नानांनी घरचं कापडदुकान भावावर सोपवून जन्मभर एवढंच केलं होतं: माणसाला दिवाणावर आडवं करायचं, आपण त्याच्या डोक्यामागे बसायचं आणि ऐकायचं. मंडळाचा दंडक कडक होता. बैठक चालू असताना कागदाला हात लावायचा नाही, रेकॉर्डिंगचं तर नावच नको. माणूस गेला की आठवून लिहायचं.

त्या रविवारी हेमांगीची कसोटी होती. वीस बैठकांची वही वाचायची. मंडळाला पटलं तर पेशंट तिचा, नाहीतर दुसऱ्याकडे जाणार. पेशंट साक्रीकडचा पन्नाशीचा शिक्षक. मंडळात खरं नाव घेत नाहीत, म्हणून तिने त्याला निंबाभाऊ केलं होतं. तिने झोकात वाचलं आणि शेवटी आपला शोध मांडला. हा माणूस आई, भाऊ, शाळा सगळ्यांवर बोलतो, वडिलांबद्दल मात्र वीस बैठकांत अवाक्षर काढत नाही.

नाना म्हणाले, "तो बोलला नाही, की तुम्ही ऐकलं नाही?"

हेमांगीच्या मनाला ते फार लागलं. कान शाबूत आहेत माझे, असं ती परतीच्या एसटीत धुळं येईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होती. निकाल पुढच्या रविवारवर गेला होता.

बुधवारी निंबाभाऊ तिच्या घरी दिवाणावर आडवे झाले आणि बोलता बोलता सहज म्हणाले, "मी तुमले दर खेपले सांगस ना ताई, आबा घरमा येवाना पहिले भाईर उभा राहीसन खोकेत."

दर खेपेला! घरात शिरण्याआधी बाहेर उभे राहून खोकणारे वडील! निंबाभाऊ गेल्यावर तिने वही पुन्हा पुन्हा चाळली. अक्षर तिचं, सुबक, आणि आबा कुठेच नाहीत. वीस वेळा कानावर पडलेलं तिच्याच आतल्या कुणीतरी वीस वेळा पुसलं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. ही विद्या तिने पुस्तकांतून पाठ केली होती. आज पहिल्यांदा तिला त्या विद्येपुढे हात जोडावेसे वाटले.

रविवारी तिने सगळं कबूल केलं. पेशंट हातचा गेला हे धरूनच ती चालली होती. बोलता बोलता तिला एकदम आठवलं. बारावीच्या वर्षी तिचे वडील फार खोकायचे. अभ्यास होत नाही म्हणून ती खोलीचं दार लावून घ्यायची. पुढे ते खोकायला परसात जाऊ लागले, आणि त्याच हिवाळ्यात गेले. हे ती इतकी वर्षं विसरली होती.

नाना हलकेच म्हणाले, "निंबाभाऊ तुमच्याकडेच राहू द्या."

बुधवारी वेळेच्या जरा आधी बाहेर पायरीवर कुणीतरी खोकलं. एकवीस बैठका निंबाभाऊ आत येण्याआधी तिथेच उभे राहून खोकत आले होते. हेमांगीने ते आज ऐकलं. ती उठली आणि तिने दार उघडलं.