परकी म्हणून आलेली वार

मी एक जुनी वार आहे. जुनी म्हणजे नऊ महिन्यांची. पण मित्रांनो, आम्हा वारांना एवढंच आयुष्य असतं. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव म्हणजे मी. आत्ता मी प्रसूतिगृहातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये पडले आहे आणि सगळे बाळाभोवती गोळा झाले आहेत. त्यात नवल नाही.

बाळ आणि मी एकाच बीजातून वाढलो. म्हणून मी अर्धी आईची, अर्धी बाबांची. गर्भाशयाच्या अस्तरात मी मुळं रोवू लागले, तेव्हा आईच्या पहारेकरी पेशींनी मला घेरलं. परकं दिसेल त्याचा फडशा पाडायचा, अशी त्यांच्या कुळाची ख्याती. माझी तर पाचावर धारण बसली.

बाहेर आईचीही तीच गत होती. आधीची दोन बाळं तिच्या पोटातच गेली होती. दुसऱ्या खेपेला तिची ताई सहज बोलून गेली, "तुझ्या अंगालाच मूल सोसत नाही बघ." ते तिच्या मनात घर करून बसलं. आंघोळ करतानाही ती पोटाला हात लावायला भ्यायची. एकदा हळूच म्हणाली, "बाळा, माझ्यापासून लपून राहा रे."

मला फार वाईट वाटलं. कारण आत वेगळंच चाललं होतं. पहारेकरी पेशींनी माझ्या अंगावरची बाबांची खूण चाचपली, मी कोण ते ओळखलं, आणि तरी मला मारलं नाही. उलट आईच्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद करायला त्या माझ्याबरोबर राबल्या. मी फार खोल घुसू लागले की अडवायच्याही. लाड नव्हते, पण थारा होता. आधीची बाळं का गेली, ते मला ठाऊक नाही. मी मात्र या पहारेकरी पेशींमुळे तगले.

आज डॉक्टरबाईंनी मला उलटसुलट करून तपासलं. "वार पूर्ण आली आहे," त्या म्हणाल्या.

आईने विचारलं, "माझ्या शरीराला हिचा पत्ता लागला नाही, म्हणून निभावलं का हो?"

"पत्ता तर सुरुवातीलाच लागला होता. ओळखूनच सांभाळलं तुमच्या शरीराने."

आई रडू लागली. ताईने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "मी भलतंच बोलले होते गं," ती म्हणाली.

मित्रांनो, थोड्या वेळाने मला दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घालून नेतील. त्याचं दुःख नाही. पण जिचं मूल गेलं, तिच्या शरीराला बोल लावू नका. तिला त्याच शरीरात पुढे जगायचं असतं.